वाटेतलं राहिलेलं घर

लेलँड कुस्के कागद गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. बायको आर्डेल वारल्यापासून वॉसॉ गावातल्या आमच्या गल्लीत त्याच्याशी आपणहून कुणी बोलत नसे. उत्तर ओरडूनच यायचं. शेजारचं घर च्यू मुआ या, डोंगराळ मुलखातून निर्वासित होऊन आलेल्या हमोंग जमातीतल्या माणसानं घेतलं तेव्हा लेलँड म्हणाला, "आता कोंबड्या पाळतील." त्यांनी पाळल्या.

पुढं च्यूची आई येर फ्रेस्नोहून मुलाकडे राहायला आली. तिनं न विचारता आर्डेलच्या ओसाड वाफ्यात मोहरी पेरायला घेतली. लेलँड तिच्यावर खेकसला. खुरपं न थांबवता ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माती रिकामी. तू पण रिकामा." मोहरी वर आल्यावर डुकराच्या मांसात शिजवलेला पाला त्याच्या दारात आला. त्यानं भांडं घासून परत नेलं. ओळख झाली ती अशी.

एका हिवाळ्यात येरचं सुनेशी बिनसलं. च्यूनं बायकोची बाजू घेतली. येर गाठोडं उचलून निघाली ती थेट शेजारी. बर्फ वितळेपर्यंत लेलँडच्या तळघरात राहिली. आई मिनेसोटात मैत्रिणीकडे गेलीय, असं च्यू नातेवाइकांना सांगत राहिला. मुलाचं घर असताना आई परक्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे राहते, हे कुळात कोणत्या तोंडानं सांगणार?

तळघरातच एकदा तिनं लेलँडला समजावलं. "आमच्यात माणूस मेला की वाटाड्या गातो. तो जिथं जिथं राहिला ती सगळी घरं, शेवटच्यापासून मागं. प्रत्येक वास्तूचे आभार मानत जीव जन्मगावी पोचतो. एक घर चुकलं, की जीव तिथंच अडकतो."

"माझं घर पण धरायचं?"

"कुबट वास येतो तुझ्या तळघराला, म्हाताऱ्या. पण धरायचं."

वसंतात च्यू तिला परत घेऊन गेला. पुढच्या थंडीत मूत्रपिंडाच्या आजारानं ती गेली.

अंत्यविधीला लेलँड मागच्या खुर्चीत बसला होता. शवाजवळ टोंग पाओ हा म्हातारा वाटाड्या गात होता. लेलँडला भाषा कळत नव्हती, गावांची नावं तेवढी कळत होती. वॉसॉ एकदाच झालं आणि लगेच फ्रेस्नो आलं. तो उठला.

"थांबवा त्याला. माझं घर राहिलं."

च्यू जवळ आला. "खाली बसा, आजोबा. लोक बघतायत."

"बघू देत. ती माझ्याकडे राहिली होती."

"पाहुणी म्हणून. त्याला राहणं म्हणत नाहीत."

"अख्खा हिवाळा? तुझ्या खिडकीतून तिचा दिवा दिसायचा, च्यू. तुमचं मला काही कळत नाही. पण तिला माझ्या तळघरात अडकवून ठेवू नका."

कुणीतरी टोंग पाओला हे समजावून सांगितलं. त्यानं च्यूला विचारलं. पुन्हा विचारलं.

"राहिली होती," च्यू जमिनीकडे बघत म्हणाला.

टोंग पाओनं तिला फ्रेस्नोहून माघारी वळवलं, लेलँडच्या तळघराचे आभार मानले आणि मग पुढं नेलं. पुढच्या रांगेतल्या बायका रडायच्या थांबून च्यूकडे बघत होत्या.

उन्हाळ्यात च्यूनं घर विकलं. जाताना तो लेलँडशी बोलला नाही. चारचौघांत त्याची अब्रू घालवलीस, असं मी लेलँडला म्हणालो.

"घालवली," तो म्हणाला. "पण ती पुढं गेली ना?"

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आता खाली तळघरात खरंच कुणी नाही."