उसवण नावाची मावशी

“आधी तू कोण ते सांग, मग मी घरात आहे की नाही ते सांगते.”

दारावर थाप पडली की आतून हे वाक्य ठरलेलं. थाप दूधवाल्याची असो, मीटर बघायला आलेल्या माणसाची असो, नाहीतर वरच्या मजल्यावरून उतरलेल्या माझ्या बायकोची असो. आवाज आला म्हणजे बाई घरात आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझ्या बायकोने एकदा तसं सांगून पाहिलं. त्यावर आतून उत्तर आलं, की आवाज आहे म्हणजे माणूस आहे असं कोणी सांगितलं, रेडिओही असेल.

ती आमच्या जिन्याखालच्या दोन खोल्यांत राहायची आणि कपडे अल्टर करून द्यायची. कंबर सैल करणं, बाही आखूड करणं, दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करणं. तिच्याबरोबर तिची भाची असायची. भाची मावशी म्हणायची, म्हणून ती साऱ्या गल्लीची मावशी झाली. गल्लीने त्यापलीकडे विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिची खोली बघण्यासारखी होती, म्हणजे बघू दिली तर. सगळे शिंपी मशीन खिडकीशी लावतात, उजेडासाठी. हिनेही खिडकीशीच लावलं होतं, पण स्वतः बसायची ती रस्त्याकडे पाठ करून. पडद्याला कोटाला लावतात तसं अस्तर लावलेलं. पार्सल यायचं ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या नावावर. त्याच्यावरची पत्त्याची चिठ्ठी ती कात्रीने बारीक कापायची आणि अर्धे तुकडे आपल्या केरात, अर्धे आमच्या केरात टाकायची. फोनला तिने जाड कापडाचं आंगडं शिवलं होतं आणि त्याच्या मागच्या डोळ्यावर एक झडप, टिचबटणाची. फोटो काढायचा असला की टिच, काढून झाला की टिच. गल्लीतली पोरं त्या आवाजाची नक्कल करायची. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, ते नंतर समजलं. भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, आजारपणात गेली. मागे राहिला तो तिचा नवरा, रागात हात उचलणारा माणूस. चिडला की समोर काय आहे ते बघायचा नाही. एकदा त्याने तापलेली इस्त्री पोरीच्या दंडावर टेकवली. कोर्टाने पोर मावशीच्या ताब्यात दिली आणि त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही असं लिहून दिलं. पण कागद पेटीत असतो आणि माणूस रस्त्यावर असतो. त्याने त्यांना दोनदा हुडकून काढलं. दुसऱ्या वेळी तर शाळेच्या फाटकातून पोरीला ओढतच नेत होता, शिपायाने सोडवली. त्यानंतर मावशीने मशीन उचललं आणि ती आमच्या जिन्याखाली आली.

असं भिंतीला पाठ लावून जगणाऱ्या बाईला गप्पांची भूक नसते असं कोणाला वाटेल, तर ते चूक आहे. तिला ती सगळ्यांपेक्षा जास्त होती. भाचीनेच तिला फोनवरची एक मंडळी दाखवली. शिवणकामाचं वेड असलेली माणसं तिथे जमायची, एकमेकांना तुरपाई-टाचणीचे प्रश्न विचारायची आणि त्याहून जास्त चेष्टा करायची. मावशीने आधी खात्री केली की तिथे नंबर दिसत नाही, फक्त आपण घेऊ ते नाव दिसतं. मग तिने नाव घेतलं, उसवण.

उसवणीला तिथे मान होता. कोणाची बाही आखडली, कोणाची साखळी अडकली, की लोक तिला हाक मारायचे. ती फोटो टाकायची तो साध्या पांढऱ्या चादरीवर, म्हणजे फरशी दिसायला नको. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं धातूचं अंगुस्तान काढून ठेवायची, त्याच्या चकाकीत तोंड दिसेल म्हणून. बोलून निरोप कधी पाठवायची नाही. त्यावरून एक निवृत्त बसड्रायव्हर तिला उसवणराव म्हणायचा. हा गडी बायको गेल्यावर तिच्या मशीनवर गोधड्या शिवायला शिकला होता. त्याचं म्हणणं असं, की ही बाई नसून मिशीवाला कोणी पैलवान आहे, म्हणून आवाज ऐकवत नाही. ती लिहायची, मिशी आहे, पण विंचरायला वेळ नाही. दुपारी मशीन थांबलं आणि खालून हसू आलं, की आम्ही समजायचो, मंडळी भरली.

या ड्रायव्हरकाकावर तिने एकदा भरवसा टाकला होता. त्याच्या बसमधल्या बैठकीची जुनी गादी उसवली होती. इतकी वर्षं ज्या गादीवर बसलो ती टाकवत नाही, म्हणाला. तिने ती किराणावाल्याच्या पत्त्यावर मागवली, शिवली आणि परत पाठवली. म्हणजे साऱ्या मंडळीत एकट्या ड्रायव्हरकाकाला उसवणीचं गाव ठाऊक होतं.

आता चूक कशी झाली ते सांगतो. चूक तोंडाची नव्हती, फोटोची नव्हती. एका शब्दाची होती.

मशीनच्या पोटात खालच्या दोऱ्याची छोटी चकरी असते, तिला सगळे बॉबिन म्हणतात. मावशीच्या माहेरी तिला पिल्लू म्हणायचे. थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव, पोटात बसतं म्हणून. कापड दाबून धरणारा लोखंडी पाय असतो, त्याला हवालदार. त्या घरात हे शब्द इतके घट्ट होते, की पाहुण्याने चुकून बॉबिन म्हटलं तर सगळे एका सुरात त्याला दुरुस्त करायचे. जगात दुसऱ्या कोणत्याही घरात हे शब्द नव्हते. आणि एके दिवशी कोणाचा तरी दोरा खालून गुंतत होता, तेव्हा मावशी घाईत लिहून गेली, “पिल्लू उलटं बसलंय. बाहेर काढ, फुंकर मार आणि नीट झोपव.”

मंडळीला शब्द फार आवडला. ड्रायव्हरकाकाने कौतुकाने तो सल्ला उसवणीच्या आणि मंडळीच्या नावासकट उचलला आणि कोणालाही वाचता येईल अशा एका मोठ्या पानावर नेऊन लावला.

पुढे मंडळीत एक नवी बाई आली, शिकाऊताई. गोड बोलायची. सुई कशी ओवायची यापेक्षा तिला बाकीच्याच गोष्टींची हौस. उसवणताई, तुमच्याकडे दोरा कुठून आणता? तुमच्या शाळांच्या गणवेशाचा रंग कोणता? तुमच्याकडे आता पाऊस आहे का? मावशीने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, प्रत्येक खोटं. पण तिचं शिवणातून लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा आखूड केला, हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

भाचीला तिने विचारलं, की समजा पुन्हा जागा बदलावी लागली तर. पोर आता मोठी झाली होती. वही मिटून म्हणाली, “मावशी, तू जा. मी नाही हलणार. इथे मला दोन मैत्रिणी मिळाल्यात.”

मावशीने मग एक दुपार निवडली, मंडळी भरलेली असताना. तिने सहज लिहिल्यासारखं लिहिलं, की आमच्या घरी कापड दाबणाऱ्या पायाला जमादार म्हणायचे. कोणी हसलं. ड्रायव्हरकाकाने विचारलं, जमादाराला पगार किती. आणि त्या गडबडीत शिकाऊताईचे शब्द उमटले, “जमादार नाही, हवालदार.”

लगेच ते पुसलेही गेले. पण मावशीने वाचलं होतं. मावशीच्या माहेरी पोरीचा बाप इतकी वर्षं जावई म्हणून जेवला होता. घरची खोड त्याच्याही जिभेला लागली होती, चुकीचं ऐकलं की दुरुस्त करायचं.

तिला एकच विचार खायला लागला. ड्रायव्हरने काही सांगितलं आहे का? तो कोण, हेही तिला कुठे ठाऊक होतं. गादी शिवून दिली म्हणजे माणूस कळला असं नव्हे. शिकाऊताई बाप्या निघू शकते, तर ड्रायव्हरकाका त्याचा जोडीदार निघू शकतो. सल्ला मोठ्या पानावर नेऊन लावला तो यानेच. तरी तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. तिने त्याला एकट्याला सगळं लिहिलं, इस्त्रीपासून कोर्टापर्यंत, आणि विचारलं, की त्या शिकाऊने तुमच्याकडे माझा पत्ता मागितला का.

उत्तर आलं, “मागितला होता. तुम्हाला भेट पाठवायची म्हणून. मी दिला.”

भाची सांगते, मावशीने फोन खाटेवर टाकला. तिने खाटेखालची पेटी ओढायला सुरुवात केली होती, तेव्हा पुढचा शब्द आला.

“माझा.”

मग ड्रायव्हरने सावकाश खुलासा केला. आयुष्यभर माणसं ने-आण केली, म्हणाला. नवखा माणूस आधी गाव विचारतो, मग पेठ, मग गल्ली. ही एकदम घराचा दरवाजा विचारत होती. मला ते पटलं नाही. येऊ दे त्याला, माझ्या दारात येऊ दे. तुम्ही फक्त कोर्टाचा कागद पाठवा.

मावशीने कागदाचा फोटो पाठवला. पण ती मावशी होती. तिचं नाव, पोरीचं नाव, त्याचं नाव, जिथे जिथे नाव होतं तिथे तिथे तिने अस्तराचे तुकडे कापून ठेवले आणि मग टिच केलं.

तो माणूस ड्रायव्हरच्या दारात आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. ड्रायव्हरने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की उसवणबाई इथे राहत नाही, पण चल, तुला तिच्याकडे सोडतो. शेजाऱ्याची गाडी काढली, त्याला पुढे बसवलं आणि नेऊन उभा केला तो थेट पोलीस ठाण्याच्या पायरीशी. फौजदाराने फोनवरचा कागद पाहिला आणि तो हसायलाच लागला. म्हणाला, कोण कोणापासून लांब राहायचं तेच इथे झाकलंय, मी काय अस्तरावर गुन्हा लिहू? बाईंना मूळ कागद घेऊन बोलवा. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतो, पुढे मला हक्क नाही.

आता सगळं तिच्यावर आलं. तिने स्वतः जाऊन नाव उघडं केलं असतं तर तो अडकला असता. नाही केलं तर तो सुटला असता आणि पोरीला पुन्हा जागा सोडावी लागली असती. आणि हा सगळाच डाव असला तर? ठाणं, फौजदार, मिठाई, सगळं त्या दोघांनी मिळून रचलेलं असलं तर? तिने माझ्या बायकोला वर येऊन हे विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्याकडे बसली. माझी बायको म्हणाली, की ठाण्याचा फोन नंबर ड्रायव्हरकडून घेऊ नका, बाहेरून काढा आणि ठाण्यालाच विचारा. मावशीने तसं केलं. माणूस खरोखर बाकावर बसला होता. मावशीने पोरीला आमच्याकडे सोपवलं, कागद पोलक्याच्या आत टाचला आणि ती दुपारच्या गाडीने निघाली.

ठाण्याबाहेर ड्रायव्हर काकडी सोलत बसला होता, ओळख म्हणून तेच ठरलं होतं. उंच, रुंद पण वाकलेल्या खांद्यांचा, पांढऱ्या भुवयांचा. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही, ही गोष्ट तिने पुढे पुन्हा पुन्हा सांगितली. तो एवढंच म्हणाला, “मिशी काढलीत वाटतं.” तिला हसू आलं नाही, पण ती आत जायला वळली.

आत तो बाकावर होता. ती त्याच्यासमोरून गेली. “पोर कशी आहे?” त्याने विचारलं. अगदी मऊ आवाजात. कशी आहे हे सांगितलं तरी काहीतरी सांगितल्यासारखं होतं. तिने टाचण्या काढून कागद फौजदारापुढे ठेवला, त्यावर सगळी नावं उघडी. फौजदाराने वाचलं, मान हलवली आणि हल्लीचा पत्ता विचारला.

“यांच्यासमोर नाही,” ती म्हणाली.

फौजदाराने लेखणी थांबवली. बाकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग पत्त्याच्या जागी त्याने लिहिलं, ठाण्यामार्फत. तिने सही केली. गुन्हा लिहिला गेला. त्या माणसाला उठवून आतल्या खोलीत नेलं. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती, आणि रस्त्यापलीकडे बसथांबा.

ती बाहेर आल्यावर ड्रायव्हरने तिला सांगितलं, की मी ओळखीचा झालो म्हणून आता घरी बोलवायची गरज नाही, आणि पोरीला माझा निरोप नको, नाव नको. ती म्हणाली, गादीला पुन्हा शिवण लागली तर मंडळीत लिहा. तिथे शिकाऊताई आता नाही, पण दुसरी कोणी येईल, तेव्हा जपून लिहा. एवढं बोलून ती निघाली. पिशवी छातीशी धरलेली, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, पावलं घाईची पण पळायची नव्हेत.

खिडकीचे गज धरून तो माणूस बघू लागला. ड्रायव्हर उठला, चार पावलं सरकला आणि बरोबर त्या खिडकीसमोर उभा राहिला, तोंड खिडकीकडे, पाठ रस्त्याकडे. आडव्या बांध्याचा माणूस, त्याच्या मागचं काही दिसेना. थांब्यावर एकामागून एक गाड्या येऊन थांबल्या आणि गेल्या. नुसत्या आवाजावरून कोणती गाडी कुठली हे ड्रायव्हरला सांगता आलं असतं. तिचं गाव त्याला ठाऊक होतं, त्याहून जास्त ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, म्हणून त्याने कानांवर हात ठेवले.

ती कोणत्या गाडीत चढली ते ठाण्याच्या फाटकातल्या चहावालीने तेवढं पाहिलं. तिला कोणी विचारलं नाही.