गडमुडशिंगीहून सर्व्हरवर

आमच्या गडमुडशिंगीच्या घरात नेट नाही असं नाही. येतं की. पण वाटेवरच्या पाहुण्यासारखं येतं आणि चहा टाकेपर्यंत निघून जातं.

मी पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. ठिकठिकाणच्या शीतगृहांतून तापमानाच्या नोंदींच्या फाइली आमच्या सर्व्हरवर येऊन पडतात, आणि त्यांतून कुठलं शीतगृह कधी आणि किती तापलं हे शोधायचं, हे माझं काम. आई गेली, आबा एकटे पडले, म्हणून मी लॅपटॉप उचलून घरी आले. बरं चाललं होतं. आबा सकाळी ओरडून उठवायचे, मी भाकरी करपवायची, ते खाऊन वर नावं ठेवायचे. तेवढ्यात ऑफिसनं फर्मान काढलं, सगळ्यांनी परत या.

मी गेले तर काय होणार ते ठरलेलं होतं. घराला कुलूप, आणि आबा कोडोलीला काकांकडं. काका चांगले आहेत, काकू तर त्याहून चांगल्या. पण आमच्या आबांचा आवाज घरात असताना गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, आणि दुसऱ्याच्या घरी ते मांजर होतात. मला ते अजिबात नको होतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, माझ्यापायी नोकरी घालवू नको, मला काय वाघ खातोय काय. आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मी मॅडमना फोन लावला. आमची टीम सांभाळणाऱ्या या मॅडम बोलायला गोड आणि निर्णयाला कडक. त्यांनी एक काम दिलं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायची, फुकट मिळणारी, ज्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी साधनं टीमसाठी निवडायची होती. डेटातून हवं ते शोधायला कुठलं बरं आणि लांबून सर्व्हरवर शिरायला कुठलं बरं, ते तू तपासून लिही, म्हणाल्या. शेवटी तिथूनच मला चालवून दाखव. नेटपायी काम अडलं नाही तर राहा घरी. अडलं तर मुकाट्यानं पुण्याला यायचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शोधायच्या साधनांचं काम सोपं निघालं, आणि खरं सांगते, त्यात मजाही आली. पहिलं ऑक. जुनं, चपळ, फाइल दिली की स्वल्पविराम बघून रकाने पाडतं. पण आमच्या एका शीतगृहाच्या नावातच स्वल्पविराम, आणि त्यापुढं शेडचा नंबर! झालं, त्या गड्यानं नावाचे दोन तुकडे केले आणि तापमानाच्या जागी शेडचा नंबर वाचला. मग एसक्यूलाइट. त्यात आधी फाइल भरायची, मग प्रश्न विचारायचा. सगळ्यात जास्त तापमान विचारलं तर म्हणालं, नऊ. मी फाइलीत डोळ्यांनी बारा बघितलेलं! डोकं फिरलं माझं. मग कळलं, भरताना मी रकान्याचा प्रकार सांगितलाच नव्हता, म्हणून त्यानं आकडे शब्दांसारखे लावले, आणि शब्दांच्या हिशोबात पहिलं अक्षरच आधी बघतात, बारातला एक नवाच्या आधी येतो, म्हणून नऊ बारापेक्षा मोठा. चूक माझीच, पण अशी चूक टीममधले अर्धे तरी करणार. तिसरं डकडीबी. फाइल कुठंही भरायची नाही, आहे तिथंच तिला प्रश्न विचारायचा. आकडे ओळखून घेतं, नावातला स्वल्पविरामही सांभाळतं. आबांना सांगितलं, त्याच्या नावात बदक आहे. ते म्हणाले, मग कंपनीनं तुझ्याऐवजी ते बदकच ठेवावं.

खरी रडकथा होती लांबून शिरायची. त्यासाठी सगळे वापरतात ते एसएसएच. त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही, जग त्याच्यावर चाललंय. पण आमच्या घरात नेट गेलं की त्याचा पडदा गोठायचा. कळा बडवा, ढिम्म. थोड्या वेळानं जोडणी तुटल्याचं सांगणार आणि चालू असलेलं कामही घेऊन जाणार. परत शिरा, परत पहिल्यापासून. मी टेबलावर हात आपटला की बाहेरून आबा विचारायचे, काय फोडलंस गं? मी म्हणायचे, अजून काही नाही. खरं तर मी घाबरले होते. पडदा गोठला की मला कोडोलीच्या घरात कोपऱ्यात बसलेले आबा दिसायचे.

अशातच एकदा आत्तीचा फोन आला. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, सीमेकडच्या गावात दिलेली. तिच्याकडं रेंजची बोंब. बोलता बोलता फोन कट व्हायचा, परत लागला की ती हॅलो म्हणत नाही, कुठं होतो विचारत नाही. "आणि मग तिच्या सासूनं" इथं कट झाला असेल तर पुढचा फोन "ताटच सारलं की गं" असा सुरू होतो. तसाच झाला. ऐकणाऱ्यानंच धागा धरून बसायचं. मी हसले, आणि मनात आलं, अगं बाई, मला सर्व्हर आत्तीसारखाच पाहिजे.

असा असतो, हे मला ऐकून माहीत होतं. वापरायचा कंटाळा केला होता. टीमक्स नावाचं साधन काम सर्व्हरवरच चालू ठेवतं, तुम्ही असा नसा. आणि मॉश नावाचं साधन नेट गेलं तरी जोडणी मेली असं धरतच नाही. नेट आलं, अगदी दुसऱ्याच वाटेनं आलं, तरी पुढं चालू. मॉशसाठी सर्व्हरवर वेगळी दारं, म्हणजे पोर्ट, उघडावी लागतात, आणि जितकी दारं तितकी चोरांची भीती, म्हणून त्यासाठी ऑफिसच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाशी भांडले. कडाकडा भांडले. शेवटी त्यानं उघडली.

मग वेगळाच किडा डोक्यात शिरला. मला घरी राहायचंय म्हणून मला मॉश चांगलं वाटतंय की काय? म्हणून अहवालात जसं होतं तसं लिहिलं. ऑफिसात बसणाऱ्याला एसएसएच पुरतं, त्यानं उगाच दारं उघडू नयेत. एकट्या मॉशमध्ये वर सरकून मागचं वाचता येत नाही, टीमक्स जोडीला लागतं. ज्यांचं नेट आमच्यासारखं आहे, त्यांनाच हे दोन्ही हवं. लिहून झाल्यावर वाटलं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण खोटं लिहून घरी राहिले असते तर आबांना तोंड कसं दाखवलं असतं?

दाखवायचा दिवस आला. मॅडम पुण्यातून त्याच टीमक्समध्ये शिरल्या, म्हणजे मी टाइप करते ते त्यांना जसंच्या तसं दिसत होतं. शिवाय माझ्या फोनवर त्या बोलतही होत्या. मी डकडीबीला तोच सगळ्यात जास्त तापमानाचा प्रश्न विचारायला घेतला, अर्धा टाइप केला आणि लाईट गेली. राउटर बंद. पडद्यावर निळी पट्टी आली, सर्व्हरकडून काही येत नाही म्हणून.  माझा फोन तर बोलण्यात गुंतलेला. बाहेर धावले, आबांच्या हातातला मोबाइल हिसकावला, त्याच्या नेटवर लॅपटॉप जोडला. पट्टी गेली. अर्धा प्रश्न होता तिथंच होता. उरलेला टाइप केला, उत्तर आलं, बारा.

मॅडम म्हणाल्या, "मधे थांबलीस. विचार करत होतीस का?"

"नाही मॅडम. लाईट गेली. आता आबांच्या मोबाइलवरनं आलेय."

 मग त्यांनी अहवालातलं एसक्यूलाइटचं विचारलं, दारांचं विचारलं, आणि म्हणाल्या, "राहा तिथंच. महिन्यातनं एकदा तोंड दाखवून जा."

मी बाहेर आले. आबा पायरीवर बसले होते. मोबाइल परत दिला आणि सांगितलं, मी जात नाही, कायमची इथंच. ते नुसतं बरं म्हणाले. मला वाटलं, एवढंच? मग त्यांनी तिथंच बसून काकांना फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"आरं, मी काय येत न्हाय आता. पोरगी हितंच ऱ्हाणार हाय. माझी ती कापडांची न् गोळ्यांची पिशवी तितं ठेवल्याली हाय बघ, ती धाडून दे कुणासंगट तरी."

मागच्या रविवारी सहज भेटून येतो म्हणून कोडोलीला गेले होते ते, तेव्हाच मला न सांगता ठेवून आलेले. मला इतका राग आला, आणि इतका आनंद झाला, की दोन्ही मिळून डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं. आबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून घाबरून विचारलं,

"काय झालं गं? परत नेट गेलं व्हय?"