एका माणसाची डाळ

लग्नकार्यात पाचशे पानं सहज उठवणारा आचारी म्हणून तिच्या वडिलांचं नाव होतं. घरी मात्र दोन माणसांचा स्वयंपाक त्यांना जन्मात धड जमला नाही. ती चार वर्षांची असताना आई गेली आणि बाप-लेक दोघंच उरले, तरी भात टाकायचा तो वीस जणांचा. ‘त्याहून लहान पातेल्यात माझा हात मावत नाही,’ असं ते म्हणायचे. उरलेलं शेजारी जायचं. शेजारी इतके सरावले होते की दोन-तीन घरांत रविवारी गॅस पेटवायचं कुणाच्या मनातही येत नसे.

लहानपणी ती मांडवामागच्या स्वयंपाकात तांदळाच्या पोत्यावर मोजायच्या मापासारखी बसून असायची, म्हणून वडिलांनी तिचं नाव पाडलं मापटं. पोत्यावर बसून मापटं सगळं बघायचं आणि सगळ्याचा वास घ्यायचं, पण डावाला हात लावला की वडील खेकसायचे, ‘तू पुस्तकाला हात लाव.’ तिने हे इतकं मनावर घेतलं की शिष्यवृत्ती मिळवून सरळ परदेशी गेली.

निघताना वडिलांनी एकच विचारलं, “तिथे खाशील काय?”

“करून खाईन. आचाऱ्याची मुलगी आहे मी,” तिने तोऱ्यात सांगितलं.

वसतिगृहात मजल्यावरच्या आठ खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर होतं. चार शेगड्या, एक कुरकुरणारा फ्रीज, आणि कपाटांवर ज्याच्या त्याच्या खोलीचा आकडा. पहिल्याच शनिवारी तिने नवं कोरं पातेलं आणलं आणि वडिलांना फोन लावला.

“बाबा, डाळ कशी करायची?”

“किती माणसं?”

“एक.”

“एक शंभर?”

“नाही हो. एक म्हणजे मी.”

वडील म्हणाले, “तसलं मला येत नाही गं. शंभराचं सांगतो, तू बघ. सहा किलो डाळ, चौपट पाणी, आणि पाऊण तास दणदणीत उकळू दे.”

इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या मुलीला भागाकार काय अवघड? तिने डाळीला शंभराने भागलं, पाण्याला भागलं. वेळेला भागायचं तेवढं राहिलं. पाऊण तासाने पातेल्याच्या बुडाशी जे काही होतं ते खरवडताना चमचा वाकला. दुसऱ्या दिवशी तिने इरेला पेटून वेळही भागून पाहिली. उत्तर आलं सत्तावीस सेकंद.

शेजारच्या खोलीत गणितात संशोधन करणारी एक मुलगी राहायची. ती हे सगळं दारात उभं राहून बघत होती. ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

मैत्री झाली, पण पोट काही भरेना. पुढचे दोन महिने मापट्याने पाव आणि उकडलेल्या अंड्यांवर काढले. फोनवर मात्र रोज थाप, “झालं जेवण, डाळ-भात केला होता.” उलट विचारलं की वडीलही म्हणायचे, “झालं की माझंही.” एवढ्यावर दोघं लगेच हवापाण्याच्या गोष्टींकडे वळायचे.

मग घात झाला. सत्रातून एकदा प्रत्येक मजल्याने सगळ्या वसतिगृहाला जेवू घालायचं, अशी तिथली पद्धत. यांच्या मजल्याचा रविवार आला आणि गणितवालीने कुणाला न विचारता फळ्यावर हिचं नाव लिहून टाकलं.

“अगं, मला एकटीची डाळ येत नाही!”

“वडील पाचशेंचं करतात म्हणून तूच सांगत फिरतेस ना?” गणितवाली म्हणाली. “हे तर साठच आहेत.”

मापट्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचं नाक कापलं गेलं तर एक वेळ चाललं असतं, पण इथे बापाचं नाव पणाला लागलं होतं, आणि ते तिने स्वतःच्याच तोंडाने लावलं होतं. तिने घाबरत घाबरत घरी फोन केला.

“बाबा, साठ माणसं आहेत.”

“साठ!” वडिलांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. “हां, आता माणसासारखं बोललीस! लिहून घे.”

रविवारी सकाळी कॅन्टीनमधून दोन मोठी पातेली आली. गणितवाली बटाटे सोलायला बसली आणि फोन मसाल्याच्या डब्यांना टेकून उभा राहिला. वडील तिकडून हुकूम सोडत होते. साडेतीन किलो डाळ, वर एक मूठ. सहा किलो तांदूळ, दोन खेपांत. फोडणीच्या वेळी ते म्हणाले, “फोन जवळ ने, ऐकू दे.” मोहरी तडतडली. “आता कांदा,” वडील ओरडले. गणितवालीला भाषा कळत नव्हती, तरी तिने घाईघाईने कांद्याचं ताट पुढे केलं.

“मीठ किती, बाबा?”

“ते मला नको विचारू. पोत्यावर बसून इतकी वर्षं काय केलंस? वास घे.”

तिने वाफेवर तोंड धरलं आणि डोळे मिटले. मांडवामागची प्रत्येक दुपार त्या वासात होती. डाळीला अजून काय हवंय ते तिला स्पष्ट कळलं. कुणी न सांगता तिने मूठभर मीठ घातलं, मग आणखी अर्धी मूठ. तिने चव घेतली आणि तिला रडूच आलं, कारण ती हुबेहूब बापाची डाळ होती.

साठ जण जेवले. काहींनी तीनदा वाढून घेतलं. वसतिगृहाच्या व्यवस्थापिकाबाई शिस्तीच्या कडक, पण त्याही पातेलं तिरकं करून शेवटचा डाव काढताना पकडल्या गेल्या.

“किती उरलं?” वडिलांनी विचारलं. आचाऱ्याचा हा नेहमीचा शेवटचा प्रश्न.

“काहीच नाही!”

“मग तू काय जेवलीस?”

सगळ्यांना वाढण्याच्या नादात स्वतःचं काढून ठेवायचं राहिलं होतं. आणि आता थाप मारायचंही तिच्या जिवावर आलं. “पाव आहे,” ती म्हणाली. “दोन महिने तेच खातेय, बाबा. एकटीचं मला जमतच नाही. तुम्ही काय जेवलात आज?”

“झालं की.”

“खरं सांगा.”

वडील खाकरले. “चहा-बिस्किट. हंगाम नाही सध्या. वीस जणांचं पातेलं चढवून मी एकटा कुणाकडे बघत जेवू? एकदा थोडकं करून पाहिलं, शंभराने भागून.”

“मग?”

“पातेलं फेकून द्यावं लागलं.”

दोघं हसायला लागले. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते पुसून ती पुन्हा हसली.

दुसऱ्या रविवारपर्यंत तिने सहा वेळा डाळ केली. तीनदा करपली, दोनदा कच्ची राहिली, पण सहावी जमली. मग इकडे दुपार आणि तिकडे संध्याकाळ झालेली असताना तिने फोन लावला.

“बाबा, वाटी घ्या. आमटीची, लहान. अर्धी वाटी डाळ.”

“अर्धी? अगं, ही तर दाताच्या फटीत जाईल.”

“मुकाट्याने घ्या. मीही घेतेय. गॅस बारीक ठेवा आणि घड्याळाकडे बघू नका.”

वडिलांनी निमूटपणे वाटी भरली. मग सवयीने विचारलं, “पण मापटं, हे नक्की किती माणसांचं झालं म्हणायचं?”

“दोन,” ती म्हणाली. “शिजली की सांगा, बरोबरच बसू.”