एकेचाळीस नंबरचा अंक

त्या माणसाशी माझं वैर एका कॉमिक्सवरून झालं असं सांगितलं की लोक हसतात. मी भूकरमापक आहे. हदगावापासून देगलूरपर्यंत लोकांच्या शेतांची मोजणी करण्यात सारी नोकरी गेली. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. यंत्र आवरता आवरता मी त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगायचो. माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यातली एकही आठवली नाही.

लहानपणी नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी बसायचा. घड्याळांच्या धंद्यात भागत नसे म्हणून तो कॉमिक्स भाड्यानं द्यायचा, दिवसाला चार आणे. त्यात समुद्राच्या तळाशी हेरगिरी करणाऱ्या एका पाणबुड्याची हिंदी मालिका होती. दिल्लीकडच्या कुठल्याशा लहान प्रकाशकानं ती काढली होती आणि त्रेपन्न अंकांनंतर बंद पडली. नोकरी लागल्यावर मी ती जमवायला घेतली. बावन्न अंक मिळाले. एकेचाळिसावा मिळेना. चाळिसाव्याच्या शेवटच्या पानावर कुणीतरी त्या पाणबुड्याची हवेची नळी कापतं, आणि बेचाळिसाव्यात तो धडधाकट पोहत असतो. मधे काय झालं हे मला अजून माहीत नाही.

आमच्याकडे जुनी नाणी, तिकिटं आणि नोटांचे मेळावे भरतात. एखादं मंगल कार्यालय घेतात, लग्नाचीच टेबलं मांडतात, आणि मागच्या भिंतीला दोन-तीन टेबलं कॉमिक्सवाल्यांची असतात. सात-आठ वर्षांपूर्वी नांदेडच्या मेळाव्यात हैदराबादच्या एका विक्रेत्याकडे मला एकेचाळिसावा दिसला. प्लास्टिकच्या पाकिटात, कोपरे शाबूत. त्यानं पंधराशे सांगितले, मी पाचशे म्हणालो. तो हसला, मी अंक खाली ठेवला. दुसरंच काहीतरी चाळलं, त्याच्या धंद्याची चौकशी केली, परत भावावर आलो. तो नऊशेवर उतरला. इथं माझी एक जुनी युक्ती होती. माल टेबलावर ठेवून चहाला जायचं. गिऱ्हाईक गेलं असं वाटलं की विकणारा आणखी शंभर-दीडशे सोडतो.

चहा पिऊन आलो तर कपाळावर भस्माचे तीन पट्टे असलेला एक उंच माणूस तो अंक आपल्या पिशवीत ठेवत होता.

मी म्हणालो, "अहो, त्याची माझी बोलणी चालू आहेत."

"बोलणी कुठं? तुम्ही चहा पिऊन राहिले होते."

"नऊशेला ठरत आलं होतं."

"मी पंधराशे दिले. जितके सांगितले तितके." त्यानं पिशवीची चेन ओढली. "हातात होता का तुमच्या? न्हवता. मग?"

"त्याची खरी किंमत तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"पंधराशे. आत्ताच मोजले की."

आजूबाजूचे हसले. हैदराबादवाला नाण्यांच्या अल्बममध्ये डोकं घालून बसला. त्या हसण्यानं मी जितका पेटलो, तितका अंक गेल्यानंही पेटलो नसेन.

तो लातूरचा होता, गंजगोलाईजवळ त्याचं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान. पुढं प्रत्येक मेळाव्यात, नांदेडला असो की लातूरला, तो टेबल घ्यायचा आणि एकेचाळिसावा सगळ्यात पुढं उभा करून ठेवायचा. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं: विकायचा नाही. माझ्यासाठीच होतं ते. मीही गप्प बसलो नाही. त्याला एखादी चीज हवी आहे असा वास आला की मी आधी जाऊन तिचा भाव वाढवून ठेवायचो. उदगीरच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी एकदा सांगितलं, "आता एक उंच माणूस येईल, दुप्पट सांगा, देतो तो." लातूरवाल्यानं दिलेही. लांबून बघताना मला बरं वाटलं.

आम्हा जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकदा परभणीच्या एकानं लातूरवाल्याकडून घेतलेल्या एका अंकाचा फोटो टाकला. चाळीस वर्षांपूर्वीचा अंक, पण मधल्या पिना कोऱ्या, चकचकीत. हे बरोबर आहे का, एवढंच त्यानं विचारलं होतं. मी लिहिलं, "हा माणूस माल दुरुस्त करून अस्सल म्हणून विकतो. पिना बदलतो, उडालेला रंग स्केचपेननं भरतो. घ्यायचं त्यानं विचार करून घ्यावं."

रंग भरलेला एकही अंक मी पाहिला नव्हता. दोन पिना पाहिल्या होत्या, त्याही फोटोत. मोजणीत मी कुणाची हद्द इतक्यावर कधी ठरवली नसती.

त्यानं ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "अंक परत करा, पैसे परत देतो." खुलासा नाही, शिवी नाही. लोकांनी तो कबुलीजबाब धरला. पुढच्या लातूरच्या मेळाव्यात त्याच्या टेबलापाशी कुणी थांबलं नाही. त्याच्याच गावात तो भरल्या टेबलामागे हाताची घडी घालून दिवसभर बसून होता. मी तीन वेळा समोरून गेलो. तिसऱ्यांदा काही काम नव्हतं.

अशी दोनेक वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर बातमी आली की दुकानातच हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं, मीही टाकलं. तासाभरात माझ्या डोक्यात एकेचाळिसावा सुरू झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या लातूरच्या मेळाव्यात त्याच्या बायकोनं टेबल घेतलं, असं कळलं. माझ्या बायकोचं माहेर लातूरचंच, त्यामुळं तीही सोबत आली. तिनं वाटेत विचारलं, "भेटायला चाललात की घ्यायला?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

टेबल तेच होतं, मागच्या भिंतीचं. पलीकडं त्याची बायको. सुती साडी, चष्मा, समोर गठ्ठेच्या गठ्ठे, आणि प्रत्येकावर वहीच्या कागदाची चिठ्ठी. भाव करू लागलेल्या माणसाला ती सरळ सांगत होती, "लिहिलंय तेवढंच." एकेचाळिसावा पुढं होता. पुठ्ठा गेला होता. चिठ्ठीवर तीनशे.

मी म्हणालो, "वहिनी, वाईट झालं." आणि अंकाकडं हात केला.

तिनं तो उचलून आपल्यापुढं ठेवला. "नांदेडचे ना तुम्ही? मोजणीवाले?"

"हो."

"वहिनी म्हणू नका मला. हे तुम्हाला न्हाई द्यायचं."

"त्यांनी सांगून ठेवलंय का?"

"त्यांनी काहीच सांगितलं न्हाई. मीच सांगून राहिले."

मी तीनशे रुपये काढून टेबलावर ठेवले. ती म्हणाली, "एक हजार." मी पाकिटातून हजार काढले. ती म्हणाली, "तीन हजार." शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी फोन काढला, म्हणालो, "तीन हजार, फोनवरून पाठवतो." ती म्हणाली, "सहा."

"हा कुठला भाव झाला?"

"तुम्ही हो म्हणाल तसतसा वाढवत जाणार मी. आज दिवसभर रिकामीच हाय."

जन्मभर मी भाव पाडत आलो. समोरचा माणूस भाव चढवायला लागला तर काय करायचं, ते मला येत नव्हतं. मी आवाज चढवला. म्हणालो, "रद्दीतच जाणार आहे ना हे सगळं? मग माझ्याकडं नीट राहील."

ती जराही हलली नाही. "परभणीच्या त्या पुस्तकाच्या पिना मी मारल्या होत्या," ती म्हणाली. "दिवाळीला कपाट पुसायला काढलं. जुन्या पिना गंजून मोडल्या, पानं हातात आली. म्हणलं, ओरडतील. दुकानातलं स्टेपलर आणलं आन मारल्या दोन. त्यांना ठाऊक बी न्हवतं. तुम्ही लिहिलं तेव्हा संध्याकाळी घरी येऊन विचारलं मला. मी सांगितलं. म्हणले, राहू दे, बाईमाणसाचं नाव कशाला त्यात."

मी टेबलावरच्या नोटा सरळ करत राहिलो.

"आन स्केचपेन," ती म्हणाली. "आमच्या घरात लेकरू न्हाई. स्केचपेन कुठून यावं?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. चुकलो, एवढा एकच शब्द पुरला असता. माझ्या तोंडून निघालं, "पाच हजार देतो. शेवटचे."

तिनं अंकावर हात ठेवला. मग विचारलं, "वाचायचंय की ठेवायचंय?"

"म्हणजे?"

"वाचायचं असंल तर ही खुर्ची हाय. बसा, वाचा, ठेवून जा. एक पैसा नको."

खुर्ची तिनं खरंच पुढं सरकवली. त्या पाणबुड्याचं काय झालं ते दहा मिनिटांत कळलं असतं. पण ज्या टेबलाला मी तीन चकरा मारल्या होत्या, त्याच टेबलाशी सगळ्यांदेखत शाळकरी पोरासारखं बसून वाचायचं, हे मला जमेना. आणि खरं सांगायचं तर मला तो वाचायचा नव्हता. मला तो चाळीस आणि बेचाळीसच्या मधे लावायचा होता. मी पैसे गोळा केले आणि निघालो.

बायको जेवणघराच्या दाराशी बसली होती. तिला मी तीनशे रुपये दिले. म्हणालो, "तू जा. तुला ती ओळखत नाही. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढेच दे आणि घेऊन ये." तिनं नोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गेली. मी खांबाआडून बघत होतो. ती बोलली, मग टेबलामागं गेली, ती खुर्ची ओढून बसली. अर्ध्या तासानं परत आली आणि तीनशे रुपये माझ्या हातात ठेवले.

"दिला नाही तिनं?"

"मी मागितलाच नाही. कुणाची बायको आहे ते सांगून टाकलं."

"मग अर्धा तास काय केलं?"

"गठ्ठे बांधू लागले. तिची कंबर धरलीय." ती माझ्या शेजारी बसली. "तुमच्या माघारी मलाही असंच टेबल मांडून बसावं लागेल का, ते विचारलं."

"काय म्हणाली?"

"रद्दीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा म्हणाली."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेली, कॉलेजातली असेल अशी एक मुलगी त्या टेबलाशी आली. दोन-चार अंक उलटून पाहिले आणि एकेचाळिसावा उचलला. बाईनं तीनशे घेतले, वर एक दुसरा अंक तसाच दिला. मुलीनं पाकीट काढून टाकलं आणि अंक उभा दुमडून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी खोचला. मी उठलो. बायको म्हणाली, "बसा." मी बसलो नाही.

फाटकापाशी मी त्या मुलीला गाठलं. "बाळ, ते पुस्तक मला दे, दोन हजार देतो," असं म्हणालो. ती दोन पावलं मागं सरली. मी तीन हजार म्हणालो, आणि बहुतेक हातही पुढं केला असेल, कारण तिनं सॅक पोटाशी ओढून धरली. "काका, मला नाही विकायचं," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून पळत रिक्षात बसली. मागं वळलो तर पायऱ्यांवर ती बाई उभी होती. बायको तिचा एक गठ्ठा घेऊन शेजारी. दोघींनी सगळं पाहिलं होतं.

परतीची बस अहमदपूरला थांबली तेव्हा बायकोनं शेंगा घेतल्या आणि एकटीनं खाल्ल्या. लोह्याच्या अलीकडं म्हणाली, "त्या पोरीला काय वाटलं असेल, याचा विचार करा." मी म्हणालो, "करतोय." तो मी खरंच करत होतो, पण त्यासोबत तिची सॅक कुठल्या कॉलेजची होती हेही आठवून बघत होतो.

आठवड्याभरानं मी ग्रुपवर लिहिलं. लातूरच्या माणसाबद्दल मी जे लिहिलं होतं त्याला दोन पिनांपलीकडं पुरावा नव्हता, रंगाचं मी मनानं घातलं होतं, आणि पिनाही त्यानं बदललेल्या नव्हत्या. कुणी बदलल्या ते लिहिलं नाही. चौघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. परभणीवाल्यानं विचारलं की मग आपण परत केलेला तो अंक आता कुठं मिळेल. एकानं विषय बदलून निजामाच्या नाण्यांचा फोटो टाकला. ती बाई ग्रुपवर नाही. माझं लिहिणं तिच्यापर्यंत गेलं की नाही, कळायला मार्ग नाही. दुकानाचा पत्ता मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.

लोकांना वाटतं की माणूस गेल्यावर राग जातो. माझा गेलेला नाही. माझी बोलणी चालू असताना त्यानं तो अंक उचलला, हे मला आजही चूकच वाटतं, आणि तो समोर असता तर मी त्याच्याशी आजही भांडलो असतो. त्याच्या बायकोपुढं मात्र मला तोंड नाही. या दोन गोष्टी मी एकमेकींत मिसळू देत नाही. बायको म्हणते, मिसळा, म्हणजे सुटाल. पुढच्या महिन्यात नांदेडला मेळावा आहे. तिनं आधीच सांगून ठेवलंय, ती येणार नाही.