मधली ताटली

साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक मुंग्या आणि दुसरे किस्से! मुंग्यांना हळद टाकली की त्या जातात. किस्से कुठं जातायत? चार माणसं जमली की मीच म्हणते, "आमच्या अण्णांचं ते सांगू का?" आणि माझी पोरं म्हणतात, "आई, झालंय सांगून!" तरी मी सांगतेच.

कोल्हापूरजवळच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. उसाच्या रसातली गोडी मोजायची, हे आमचं काम. दुपारी जेवायला आम्ही पाच जण एका टेबलाला बसायचो. कुरुंदवाडचे अण्णा पाटील, तेही केमिस्ट, वयानं सगळ्यांत मोठे आणि पक्के जैन. इलेक्ट्रिशियन बशीरभाई. हातकणंगल्याचा कांबळे, माझ्यासारखाच केमिस्ट, पण तोंडानं वकील. आमचे साहेब डिसोझा, मूळचे आजऱ्याकडचे. आणि शाहूवाडीची मी, शालन. पाच घरं, पाच चुली, आणि टेबल एकच!

आता तिथं कँटीन झालंय, मायक्रोवेव्ह आलाय. परवा जाऊन आले. सगळी पोरं मोबाईलमध्ये बघत जेवत होती. मला काही तिथं घास उतरला नाही.

*

आमच्या वेळी मायक्रोवेव्ह नव्हता, पण वाफेची पाइप होती! लॅबच्या मागून जायची. अकराला सगळे डबे तिच्यावर ठेवायचे, एकला काढायचे. जेवण असं गरम, की घरी तरी मिळेल का!

सगळ्यांचे डबे स्टीलचे, एकसारखे. व्हायचं ते एकदा झालंच. अण्णांनी आपला म्हणून डबा उघडला आणि आत बशीरभाईंच्या अम्मीच्या हातचं सुकं मटण!

बशीरभाईंचा चेहरा तर पांढराफटक. अण्णांनी झाकण परत लावलं, डबा बशीरभाईंकडं सरकवला, हात धुऊन आले आणि आपला डबा शोधून जेवायला बसले. बशीरभाई मात्र जेवेचनात. "अण्णा, चुकी झाली, माफ करा," एवढंच धरून बसले.

अण्णा म्हणाले, "आरं, मी उघडलाय, खाल्ला न्हाय. नुसत्या वासानं पाप लागलं असतं तर मी कोल्हापुरात ऱ्हायलो असतो व्हय?"

*

त्या दिवसानंतर मधली ताटली सुरू झाली. टेबलाच्या मधोमध एक ताटली ठेवायची. पाचही जणांना चालेल असंच काहीतरी तिच्यात पडायचं. म्हणजे कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, मुळा नको. कोल्हापुरात कांदा-लसूण सोडून काय रांधायचं, हा प्रश्न आमच्या घरच्या बायकांनी वर्षानुवर्षं सोडवला!

ईदला बशीरभाईंच्या अम्मीनं अण्णांसाठी मुद्दाम नवीन पातेलं विकत आणलं आणि त्यात शीरखुर्मा करून पाठवला. अण्णांनी वाटी हातात घेतली, नाकाशी नेली आणि नेहमीची चौकशी सुरू केली, "ह्यात काय काय हाय?"

"दूध, शेवया, खजूर, साखर. साखर आपल्याच कारखान्याची!"

"कांदा न्हाय न्हवं?"

कांबळेला ठसकाच लागला. "अवो अण्णा, शीरखुर्म्यात कोण कांदा घालतंय?"

"तुमचं काय सांगावं! कोल्हापुरात चहात बी घालतील!"

वाटी मात्र चाटूनपुसून खाल्ली. आणि ते नवीन पातेलं अम्मीनं नंतर कधी दुसऱ्या कशाला वापरलं नाही. घरात त्याचं नाव 'अण्णांचं पातेलं' असंच पडलं होतं.

*

एका वर्षी रोजे ऐन गाळपाच्या सीझनमध्ये आले. अण्णा आणि बशीरभाई दोघांची ड्यूटी संध्याकाळची. आता गंमत बघा. अण्णांना जेवायचं सूर्य बुडायच्या आत. बशीरभाईंना रोजा सोडायचा सूर्य बुडाल्यावर. दोघंही एकाच खिडकीत उभे, एकाच सूर्याकडं बघत!

एके दिवशी आभाळ भरून आलेलं. अण्णांचा डबा उशिरा पोचला, हातात शेवटची अर्धी भाकरी. बशीरभाईंच्या हातात खजूर.

"गेला न्हाय अजून," अण्णा म्हणाले.

"गेला, अण्णा. कवाच गेला!"

"ढगामागं हाय त्यो. थांब जरा."

"तुमच्या भाकरीसाठी थांबतोय व्हय त्यो!"

डिसोझासाहेब आले, बघून म्हणाले, अजून आहे. मी बघितलं, मला वाटलं गेला. कांबळे कपाळावर हात मारून म्हणाला, "सूर्य बुडला का न्हाय ते ठरवायला लॅबमधले चार-चार केमिस्ट, आन् एकाचं बी रीडिंग जुळंना!"

शेवटी अण्णांनी उरलेली भाकरी डब्यात ठेवली आणि म्हणाले, "खा बाबा तू. तू दिसभर उपाशी हाईस, मी न्हाय."

*

डिसोझासाहेबांच्या बायकोचं नाव फिलोमिना. आम्ही मिनावैनी म्हणायचो. कारखान्याच्या कॉलनीतच राहायच्या. नाताळात त्या स्वतः ट्रे घेऊन लॅबमध्ये यायच्या. त्यात नाताळचं गोडधोड, नेवऱ्या, कुलकुल, आणि ओल्या नारळाचं काळंभोर दोदोल. अण्णांची चौकशी व्हायच्या आधीच त्या म्हणायच्या, "अंडं नाही हां अण्णा, कांदा तर नाहीच! खा तुम्ही."

आणि साहेबांच्या घरी नाताळची एक खास वस्तू असायची, वैनींनी स्वतः केलेली काळ्या मनुकांची वाइन. साहेब दरवर्षी आग्रह करायचे. पण घेणार कोण? अण्णांचा प्रश्नच नव्हता. बशीरभाई कानाला हात लावायचे. माझी आई माळकरी, आमच्या घरी तो शब्दसुद्धा काढायची सोय नव्हती. राहता राहिला कांबळे. तो म्हणायचा, "साहेब, आम्ही पंचशील घेतलंय. पाचवं शील दारू न पिण्याचं, ते आई सोता पाळती आन् घरादाराकडनं पाळून घेती!"

साहेब दोन्ही हात जोडायचे. "इतकी निर्व्यसनी माणसं एका टेबलाला मिळायला पुण्य लागतं बाबांनो. सगळी बाटली मला!"

*

देवाणघेवाण मात्र कायम चालायची. बुद्धपौर्णिमेला कांबळेच्या आईच्या हातची खपली गव्हाची खीर यायची. अण्णा तिला हुग्गी म्हणायचे, आणि नावावरून दरवर्षी कांबळेचं नि त्यांचं भांडण व्हायचं. मिनावैनींना ती फार आवडायची, म्हणून पाऊस सरला की कांबळे त्यांना घरचा खपली गहू नेऊन द्यायचा. बशीरभाईंची अम्मी वैनींना दालचिनी-लवंगांची पुडी पाठवायची. दिवाळीच्या सुमारास अण्णा त्यांना आपल्या शेतातल्या उसाच्या गुळाची ढेप द्यायचे. आणि माझ्याकडं मिनावैनींचं एकच मागणं असायचं, "शालन, तुझ्या आईची ती चिनी मातीची बरणी दे गो. नाताळ झाला की धुऊन परत देते."

बरणी परत आली की आई तिच्यात लोणचं घालायची. म्हणायची, "त्या बाईच्या हाताला काय गुण हाय कुणास ठाऊक! त्यांच्याकडनं आलेल्या बरणीत लोणचं लई मुरतंय बघ."

*

मग मिनावैनी गेल्या. आजार असा दिसलाच नाही, आणि पावसाळ्यात गेल्या. डिसोझासाहेब टेबलाला यायचे, पण डबा नसायचा. आम्ही चौघं आपल्यातलं वाढायचो. ते खाली मान घालून जेवायचे.

त्यांची एकुलती मुलगी रोझलिन कॅनडात. ती नाताळला येणार होती, आई गेल्यावरचा पहिला नाताळ. फोनवर म्हणाली, "डॅडी, मम्माची वाइन असेल ना?" आणि साहेब बोलून गेले, "असेल की."

करायची कशी, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. वैनी स्वयंपाकघरात कुणाला येऊ देत नसत. आणि त्या ओट्यापाशी एकट्यानं उभं राहणं साहेबांना जमेना. म्हणून त्यांनी लॅबमध्ये टेबलाखाली एक मोठी काचेची बाटली लावली. काळ्या मनुका, यीस्ट आणि आपल्या कारखान्याची पांढरीशुभ्र साखर. गोडी रोज मोजायचे. जन्मभर तेच तर केलेलं!

आणि नेमकी ती बाटली उसळली ती मोळी टाकून गाळप सुरू करायच्या कार्यक्रमादिवशी! गव्हाणीत उसाची मोळी पडली, हार-तुरे झाले आणि चेअरमनसाहेब लवाजम्यासकट लॅब बघायला आले. तेवढ्यात टेबलाखाली बूच उडालं. फट्! लालभडक रस थेट त्यांच्या पायाशी.

"हे काय हो?"

डिसोझासाहेब वाकून बूच शोधायला लागले. आम्ही सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा जन्मात खोटं बोलले नव्हते. शांतपणे म्हणाले, "रस आंबलाय, साहेब."

"मग ठेवलाय कशाला? ओतून टाका!"

आणि सगळी मोरीत ओतेपर्यंत चेअरमनसाहेब तिथंच उभे! ते गेल्यावर आम्हाला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "जाऊ दे. काल चाखली होती मी. रीडिंग सगळं बरोबर होतं, पण ती मिनाची नव्हती."

*

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. नाताळ जवळ येत चाललेला. कांबळे उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "साहेब, ह्या वर्षीचा खपली गहू घरात पडून हाय. आणू का? खिरीला लागंल."

"खिरीला?" साहेबांनी मान वर केली. "आमच्याकडं खीर कधी झालीच नाही."

"मंग दरवर्षीचा गहू..."

बशीरभाई हळूच म्हणाले, "अम्मीची दालचिनी-लवंग त्या खोकल्याला म्हणून न्यायच्या."

"मिनाला खोकला नव्हता," साहेब म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर आईची बरणी आली. माळकरी आईची, लोणचं मुरवणारी बरणी! मी तोंडावर पदर धरला. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना.

आणि मग एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं, वैनींच्या वाइनला सगळं आमच्याच घरचं लागायचं, आणि आता एकच वस्तू उरलीय. आम्ही चौघांनी अण्णांकडं बघितलं आणि पटकन नजरा खाली घातल्या.

गूळ!

शीरखुर्म्यात कांदा शोधणारा माणूस. मावळतीनंतर घास न घेणारा माणूस. अण्णांनी अर्धी भाकरी डब्यात ठेवली, डबा बंद केला आणि उठून गेले.

"त्यांना वाटेल मिनानं फसवलं," डिसोझासाहेब म्हणाले. "नको. मला काही नको वाइन. रोझलिनला सांगतो मी काहीतरी."

पुढचे दोन दिवस अण्णा रजेवर. मधली ताटली मधोमध रिकामी. कुणाचंच तिच्यात काही वाढायचं धाडस होईना. इतक्या वर्षांचं टेबल मोडलं, असंच मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी एकला अण्णा आले. डबा पाइपवरून काढला, आपल्या जागेवर बसले. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली गुळाची ढेप काढली, ताज्या गुळाची, अजून ओलसर. कुरुंदवाडला जाऊन आले होते. ती त्यांनी मधल्या ताटलीत ठेवली आणि ताटली साहेबांच्या पुढं सरकवली.

"साहेब, ह्याचं काय करणार ते मला सांगू नका," अण्णा म्हणाले. "वैनींनी कधी सांगितलं न्हाय, आन् मी कधी इचारलं न्हाय."