बाबांच्या हातचं ‘ठीक’

बाबांची थोरली लेक अग्निशमन केंद्राच्या ऑफिसात येऊन बसली होती ती एकाच कामासाठी. सेवेपायी जीव गेलेल्यांची जी पाटी दारात होती, तिच्यावर बाबांचं नाव लागायला हवं होतं. चौतीस वर्षं धूर गिळलेला माणूस, शेवटची चार वर्षं ऑक्सिजनच्या नळीला जखडलेला. आणखी काय पुरावा हवा?

केंद्राच्या साहेबांनी जुनी रजिस्टरं समोर सरकवली. आग विझवून गाडी परतली की प्रत्येकाने आपल्या तब्येतीची नोंद करायची असा नियम होता. बाबांच्या नावापुढे दरवेळी त्यांच्याच गिचमिड अक्षरात एकच शब्द. ठीक. गोदामाच्या आगीत दोन तास मास्कशिवाय होते, त्या दिवशीही ठीक.

“त्यांनीच लिहिलंय, ताई. आम्ही काय करणार?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक कसलं डोंबलाचं. हाच माणूस घरी आला की आधी बाथरूममध्ये शिरायचा आणि खोकला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. पोरांना वाटायचं, बाबांना आंघोळीची भारी हौस. मग बाहेर येऊन तिची वेणी घालायचा, ती इतकी आवळून की शाळेत दिवसभर तिच्या भुवया चढलेल्या. बाई विचारायच्या, कुणावर चिडलीस गं?

“तुम्ही त्यांच्याच गाडीवर होतात ना, साहेब? तुम्ही काय लिहायचात?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सगळे तेच लिहायचे. त्रास होतो म्हटलं की गाडीवरून उतरवून टेबलावर बसवायचे. तुमचे बाबा म्हणायचे, टेबलावर बसून काय आगीला फायलीने वारा घालू?”

“म्हणजे हे खोटं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला ठाऊक असून चालत नाही. कागदावर लागतं.”

“मग उद्या तुमचंही नाव लागायचं नाही.”

साहेबांनी रजिस्टरं मिटली. ती उठली.

साहेबांना बोलून तिचं समाधान झालं नव्हतं. खरं भांडण बाबांशी होतं. घरातल्या प्रत्येकाचं दुखणंखुपणं न सांगता ओळखायचे, आणि स्वतःचं मात्र आईलासुद्धा कळू दिलं नाही. आपल्याच हाताने स्वतःला खोटं पाडून गेले. एकदा समोर बसवून त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं, आणि घ्यायला तेच नव्हते.