पारूबाईच्या गुडघ्याचं माप

मंगळवारी सकाळी सातलाच कचरू पडेगावहून स्टेशनवर येऊन थडकला. गाडी पकडायची नव्हती, कुणाला आणायचं-सोडायचंही नव्हतं. त्याला स्टेशन तपासायचं होतं. कचरू म्हणजे चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत बसला तरी समोरच्या भिंतीचा ओळंबा डोळ्यांनीच घेणार आणि जेवण सोडून त्यावर बोलणार. अशा माणसाला स्टेशन तपासायला कुणाची परवानगी लागत नाही.

शुक्रवारी त्याला बायकोला, पारूबाईला, जालन्याला न्यायचं होतं. तिथं त्यांची मुलगी सुलेखा राहते. सुलेखाची धाकटी पाच महिन्यांची झाली, तरी आजीनं नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मोबाइलवर बघून बघून तिचे डोळे शिणले होते. अडचण गुडघ्यांची. पारूबाईचं पाऊल सहा बोटांच्या वर उचलत नाही. एसटीची पायरी तिला डोंगर, आणि मोटारीत पाय दुमडून बसवत नाही. राहिली रेल्वे. कचरूनं आदल्या दिवशी तिला स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं केलं, पाऊल उचलायला लावलं आणि तेवढ्या उंचीवर सुतळीला गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून साहेब पाहणीला निघाले होते.

बाहेरच्या पायऱ्यांना त्यानं सुतळी लावली. आठ बोटं. "नापास," तो पुटपुटला. शेजारी उतार होता. त्यावरून तो तीनदा चढला, तीनदा उतरला, घसरत तर नाही ना म्हणून चप्पल घासून पाहिली. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत आला, नळाचं पाणी चाखलं, बाकड्यावर बसून उठला, पुन्हा बसला. बायकांच्या स्वच्छतागृहाशी मात्र पंचाईत झाली. आत जाणार कसं? दाराशी घुटमळणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक वळून बघू लागले, तसा त्याला घाम फुटला.

"काय पाहिजे, काका?" एका बाईनं दरडावून विचारलं. मंजुषा तिचं नाव. जालन्याच्या शाळेत शिकवते, रोज अपडाऊन करते. कचरूनं सुतळी बाहेर काढली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंचा आवाज उतरला. त्या आत जाऊन आल्या. "कमोड आहे. धरायला दांडा आहे. उंबरा नाही."

"लई उपकार झाले, बाई. पन डब्याची पायरी?"

"गाडी आली की बघा. पण पटकन. फार थांबत नाही ती."

गाडी येईपर्यंत कचरूला बसवेना. गर्दी असली तर? मागून कुणी ढकललं तर? पारू दारात अडकली आणि गाडी सुटली तर? फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नुसत्या फेऱ्या घालत राहिला. गाडी लागली तसा धावला आणि उतरणाऱ्यांच्या पायांत वाकून त्यानं पायरीला सुतळी लावली.

"चचा, मरना है क्या?" कुणीतरी ओरडलं.

पुन्हा आठच बोटं! म्हणजे दोन बोटं जास्त. "घरचा बसायचा पाट खाली ठिवला की भागतंय," तो मोठ्यानंच म्हणाला.

"शुक्रवारी पाट आणा, मी वरून हात देते," मंजुषाबाई डब्यातून म्हणाल्या. "आणि घरून इथवर?"

"रिक्षा दारात येती की!"

परतताना कचरूचे पाय जमिनीला लागत नव्हते. पारूबाई दारात खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती.

"पारू, स्टेशन पास! उतार हाय, कमोड हाय, पाट संगं घिऊ. आता तुला कुणी अडवत नाय."

पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग लसणाचा हात तसाच पुढं केला.

"आन् हे?"

कचरूनं वळून पाहिलं. दारापुढच्या तीन पायऱ्या. पंधरा वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी घरात शिरलं, तेव्हा त्यानं जोतं उंच घेऊन त्या घातल्या होत्या. काळ्या दगडाच्या, कोपरा न् कोपरा रेखीव. सगळ्या गल्लीला हात धरधरून आणून दाखवल्या होत्या. हल्ली पारूबाईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे शेजारच्या कडुबाला हाक मारून दोघं तिला उचलून खाली उतरवत, आणि दर वेळी कचरू तिच्या गुडघ्यांना शिव्या घाले. पायरी चुकली असेल असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तो वाकला आणि त्यानं दगडाला हात लावला. एक वीत आणि वर तीन बोटं.

"मंग बोलली का नाय कधी?"

"काय बोलू? दोन वर्षं झाली, हितंच बसून ह्या पायऱ्यांकडं बगते. पौर्णिमेला बाया विहारात न्यायला येत्यात, मी नाय म्हनते. पर कुनी पावना आला का तुमी आदी पायऱ्या दाखविता. लई खुश असता. म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

कचरूला बायकोच्या तोंडाकडे बघवेना. चाळीस वर्षांत लोकांची घरं बांधताना प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यानं आधी काय हवं ते विचारलं होतं. स्वतःच्या घरात एकदाही नाही. लाजेनं त्याचा जीव अर्धा झाला. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

"पारू," तो खालच्या पायरीवर बसत म्हणाला, "कसं बांधू? तू सांग."